पंडितवाद की विग्रहकथा? : भाष्यकारांच्या उत्स्फूर्त चर्चांची धम्मदृष्टीने समीक्षा

राजकारण, धर्म आणि परराष्ट्र व्यवहार या विषयांवर दोघा-चौघा भाष्यकारांनी एकत्र बसावे, हाती लिखित संहिता न घेता एकमेकांशी बोलावे आणि ते सर्वांनी ऐकावे, हा प्रकार आता जनसामान्यांच्या नित्य परिचयाचा झाला आहे. सायंकाळच्या दूरचित्रवाणीवरील चर्चा आणि तासन्‌तास चालणाऱ्या मुलाखती यांनी वृत्तपत्राच्या अग्रलेखाची जागा पुष्कळ अंशी घेतली आहे. ज्या बोलण्यावरून लक्षावधी लोक आपले मत ठरवितात, ते बोलणे समीक्षेच्या कक्षेबाहेर राहणे इष्ट नव्हे. सम्यक् वाचा हे आर्य अष्टांगिक मार्गाचे एक अंग मानणाऱ्या बौद्धांना तर या प्रकाराची चिकित्सा टाळताच येणार नाही.

या चर्चांचे समर्थन करणारे एक युक्तिवाद नेहमी करतात. लिहिलेले भाषण घोटून-घोटून गुळगुळीत केलेले असते; याउलट संहिता नसली की माणूस मनातले बोलतो, आणि म्हणून सत्य बाहेर येते, असे त्यांचे म्हणणे असते. हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. संहिता नसणे हा संवादाचा गुण नव्हे. संहितेच्या जागी बोलणाऱ्याचे पक्के ज्ञान, आपली चूक निघू शकते हे मान्य करण्याची तयारी आणि बोललेल्याचे उत्तरदायित्व स्वीकारण्याची सिद्धता या तीन गोष्टी असाव्या लागतात. त्या नसतील तर संहितेविना जे बाहेर येते ते सत्य नसून केवळ विकार असतो. हे मत पालि वाङ्मयातील कसोट्या लावून तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. एक पूर्वपक्ष

प्रथम एका आक्षेपाचा विचार करू. दीघ निकायातील पहिल्याच, म्हणजे ब्रह्मजाल सुत्तात, भिक्खूने टाळावयाच्या निरर्थक बोलण्याची एक यादी आहे. तिला ‘तिरच्छानकथा’ असे नाव आहे. राजे, चोर, महामात्य, सेना, भय आणि युद्ध यांविषयीच्या गप्पा या यादीच्या आरंभीच येतात. यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की, राजकारण व परराष्ट्र व्यवहार हे विषयच धम्माला वर्ज्य आहेत आणि विहारात त्यांची वाच्यता होऊ नये.

हा निष्कर्ष बरोबर नाही. महापरिनिब्बान सुत्ताचा आरंभच परराष्ट्र व्यवहाराच्या एका प्रश्नाने होतो. मगधराज अजातशत्रू वज्जींवर स्वारी करण्याच्या विचारात आहे आणि त्याने आपला महामात्य वस्सकार याला तथागतांकडे पाठविले आहे. तथागत विषय टाळत नाहीत. पण भाकीतही करीत नाहीत. ते आनंदाला विचारतात : वज्जी वारंवार एकत्र जमतात काय? एकमताने जमतात व एकमताने उठतात काय? वृद्धांचा मान राखतात काय? अशा सात गोष्टींची खातरजमा झाल्यावर, जोवर या गोष्टी टिकून आहेत तोवर वज्जींची हानी नाही, असा सशर्त निष्कर्ष ते देतात. वस्सकाराने त्यातून काढलेला अर्थही सुत्तात नोंदलेला आहे : युद्धाने नव्हे, तर आमिषाने किंवा फुटीने वज्जी जिंकता येतील. म्हणजे राज्य व युद्ध यांवरील बोलण्याचा दुरुपयोग होऊ शकतो, याची जाणीवही त्या वाङ्मयाला आहे.

तेव्हा वर्ज्य आहे ते विषय नव्हेत. वर्ज्य आहे ती त्या विषयांवरील हेतुशून्य बडबड. ब्रह्मजाल सुत्तातच आणखी एक प्रकार निषिद्ध ठरविला आहे, तो ‘विग्गाहिककथा’ म्हणजे विग्रहाची, भांडणाची कथा. मला धर्म कळतो, तुला तो कळत नाही. माझे सुसंगत, तुझे विसंगत. तू हरलास, सुटता येत असेल तर सुटून दाखव, अशा आशयाचे ते बोलणे असते. आजच्या चर्चांचे याहून नेमके वर्णन आम्हांस आढळलेले नाही.

२. १९६८ चा नमुना

दूरचित्रवाणीवरील विग्रहकथेचा आदिनमुना म्हणून ज्या चर्चांचा निर्देश केला जातो, त्या १९६८ साली अमेरिकेत झाल्या. एबीसी ही दूरचित्रवाणी कंपनी त्या वेळी तीन मोठ्या कंपन्यांत प्रेक्षकसंख्येने तिसरी होती. अन्य दोघींप्रमाणे पक्ष-अधिवेशनांचे अथपासून इतिपर्यंत प्रक्षेपण न करता तिने दोन भाष्यकारांना दहा चर्चांसाठी समोरासमोर बसविले. एक विल्यम बक्ली, ‘नॅशनल रिव्ह्यू’ या परंपरावादी नियतकालिकाचे संस्थापक. दुसरे कादंबरीकार गोर व्हिडाल. रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन मायामी बीच येथे आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे शिकागो येथे, दोन्ही त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये भरली.

दोघेही बहुश्रुत व वाक्‌पटू होते. २८ ऑगस्टच्या रात्री शिकागोच्या रस्त्यांवर पोलीस व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांना झोडपीत होते. निदर्शकांनी व्हिएतकाँगचा ध्वज उभारला, हे दुसऱ्या महायुद्धात नाझी ध्वज उभारण्यासारखे नव्हे काय, असा प्रश्न सूत्रसंचालक हॉवर्ड स्मिथ यांनी केला. त्यावरून बोलणे वाढले. व्हिडाल यांनी बक्लींना छुपा नाझी म्हटले. बक्लींनी व्हिडाल यांना त्यांच्या लैंगिकतेवरून हिणवणारी शिवी दिली आणि थोबाड फोडण्याची धमकी दिली. पुढे १९६९ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात दोघांनी एकमेकांविरुद्ध लेख लिहिले. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९७२ साली तडजोडीने मिटले. २०१५ साली या चर्चांवर एक अनुबोधपटही निघाला. या सर्व काळात लोकांच्या स्मरणात राहिली ती शिवी. व्हिएतनाममधील युद्ध न्याय्य की अन्याय्य, या प्रश्नावर त्या रात्री कोणता युक्तिवाद कोणत्या युक्तिवादाने खंडित झाला, हे आज कोणी विचारीत नाही. कारण तसे काही घडलेच नव्हते.

येथे संहिता नव्हती. मनातले बाहेर आले, हेही खरे. परंतु बाहेर आला तो द्वेष, ज्ञान नव्हे. दोघेही अडाणी असते तर आम्ही या चर्चेची दखल घेतली नसती. विद्वत्ता असूनही संवाद विग्रहकथेत कोसळतो, हा या उदाहरणाचा धडा आहे. कंपनीने त्यांना परस्परांचे ऐकण्यासाठी नव्हे, तर परस्परांशी झुंजण्यासाठी बसविले होते, आणि ज्यासाठी बसविले ते त्यांनी केले.

३. स्थानोचित उत्तर म्हणजे काय?

उत्स्फूर्त बोलण्याचा नेमका प्रश्न मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात उपस्थित झाला आहे. अभय तथागतांना विचारतो की, विद्वान क्षत्रिय, ब्राह्मण, गृहपती व श्रमण प्रश्न तयार करून आपणांकडे येतात. त्यांची उत्तरे आपण आधी योजून ठेवलेली असतात, की जागच्या जागी सुचतात? तथागत प्रतिप्रश्न करतात : तू रथविद्येत कुशल आहेस, रथाच्या अमुक भागाचे नाव काय असे कोणी विचारले तर ते उत्तर तू आधी योजून ठेवतोस काय? अभय म्हणतो की, रथाची सर्व अंगे मला पूर्ण परिचित असल्याने उत्तर जागीच सुचते. धम्माच्या बाबतीतही तसेच आहे, असे तथागतांचे सांगणे आहे.

या संवादातून उत्स्फूर्ततेची व्याख्या हाती येते. जागी सुचलेले उत्तर हे तयारीविना दिलेले उत्तर नसते. दीर्घ अभ्यास ज्याच्या अंगी मुरला आहे त्याचेच ते असते. रथ ज्याने कधी खोलून पाहिला नाही, त्याला जे जागी सुचते ते उत्तर नव्हे, अनुमान होय.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची १९५५ साली बीबीसीने घेतलेली मुलाखत या दृष्टीने ऐकण्यासारखी आहे. तीत त्यांनी असे निदर्शनास आणले की, गांधी इंग्रजी पत्रांत जाति-अस्पृश्यतेचे विरोधक आणि लोकशाहीवादी म्हणून दिसतात, तर गुजराती पत्रांत सनातनी म्हणून दिसतात, आणि त्यांच्या चरित्रकारांनी या दोहोंची तुलना केलेली नाही. या मताशी कोणी सहमत होवो वा न होवो. बाबासाहेबांनी श्रोत्याच्या हाती एक तपासता येण्याजोगा पुरावा दिला. ते पत्रे काढून पाहा, असेच जणू त्यांनी सांगितले. या बोलण्यामागे गोलमेज परिषद, १९३२ चा पुणे करार आणि १९४५ साली प्रसिद्ध झालेला काँग्रेस व गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा झाडा घेणारा ग्रंथ, एवढी पूर्वतयारी होती. शब्द त्या क्षणीचे होते. रथ मात्र अनेक वर्षे हाताळलेला होता. आजच्या चर्चांत सोमवारी सीमाप्रश्न, मंगळवारी आरक्षण आणि बुधवारी धर्मांतर या तिन्हींवर तोच भाष्यकार त्याच आत्मविश्वासाने बोलतो, तेव्हा त्याने कोणता रथ खोलून पाहिला आहे, असा प्रश्न श्रोत्याने विचारला पाहिजे.

४. दुहेरी शिंगांचा प्रश्न

त्याच सुत्तात आणखी एक मार्मिक प्रसंग आहे. निगंठ नातपुत्ताने अभयाला एक प्रश्न पढवून पाठविले आहे. तथागत इतरांना अप्रिय वाटेल असे बोलतात काय? होय म्हटले तर, मग आपणांत व सामान्य जनांत भेद काय, असे विचारावयाचे. नाही म्हटले तर, मग देवदत्ताविषयी कठोर शब्द का काढले, असे विचारावयाचे. उत्तर गिळताही येऊ नये आणि थुंकताही येऊ नये, अशी ही योजना होती. तथागतांनी एवढेच सांगितले की, याला एकांगी उत्तर नाही. आणि तेथेच डाव मोडला. पुढे त्यांनी अभयाच्या मांडीवरील बालकाचा दाखला दिला. त्याच्या घशात काटकी अडकली तर रक्त आले तरी ती काढावी लागते. कारण मनात करुणा असते. वाणी खरी, हितकर व योग्य वेळी असावी. ती प्रिय की अप्रिय हे गौण होय.

अंगुत्तर निकायातील कथावत्थु सुत्तात याचेच नियम केलेले आहेत. काही प्रश्नांचे उत्तर निःसंदिग्ध द्यावे, काहींचे विभागून द्यावे, काहींवर प्रतिप्रश्न करावा आणि काही बाजूला ठेवावेत. जो हे जाणत नाही, तो चर्चेस अयोग्य. विचारल्यावर विषयांतर करतो, रागावतो, समोरच्याला दडपतो, चिरडतो, त्याची टर उडवितो किंवा त्याच्या बोलण्यातील एखाद्या क्षुल्लक स्खलनावर झडप घालतो, तोही अयोग्य. ही यादी समोर ठेवून कोणत्याही सायंकाळची चर्चा पाहावी. अपात्रतेची बहुतेक लक्षणे पहिल्या काही मिनिटांतच दिसतील.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. बौद्धांच्या बाबतीत त्याचे परिणाम प्रत्यक्ष आहेत. धर्मांतराने तुमचा प्रश्न सुटला काय, होय की नाही, एका शब्दात सांगा, असे आमच्या कार्यकर्त्याला विचारले जाते. होय म्हटले तर मग सवलती कशाला, आणि नाही म्हटले तर मग धर्म कशाला बदलला? ही तीच दोन शिंगे आहेत. याचे प्रामाणिक उत्तर विभागूनच द्यावे लागते. १९५६ च्या धम्मदीक्षेने माणसाला स्वतःविषयीची दृष्टी व आचाराचा नवा पाया दिला; तो प्रश्न दीक्षा घेणाऱ्याच्या हाती होता. जातिभेद करणाऱ्याचे मन मात्र दीक्षा घेणाऱ्याच्या हाती नव्हते. बौद्ध झाल्याने शेजाऱ्याची जातिबुद्धी नाहीशी होत नाही, हे ओळखूनच १९९० साली कायदा करून अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना लागू करण्यात आल्या. एवढे सांगावयास दोन मिनिटे लागतात. चर्चेत ती मिळत नाहीत. आणि जो ती मागतो तो उत्तर टाळतो, असा समज पसरतो. विभज्जवादाला पळपुटेपणा ठरविणारी ही व्यवस्था आमच्या समाजाच्या मुळावर येणारी आहे.

५. हार पत्करण्याचा करार

मिलिंदपञ्हात नागसेन संवादापूर्वी राजा मिलिंदाला एक अट घालतात. पंडितांप्रमाणे बोलणार असाल तर बोलू. राजांप्रमाणे बोलणार असाल तर नाही. पंडितांच्या वादात गुंडाळणे-उलगडणे असते, चूक दाखविणे व ती मान्य करणे असते, आणि तरीही पंडित रागावत नाहीत. राजे एखादी गोष्ट प्रतिपादितात आणि जो तिच्याशी सहमत नसेल त्याला दंड देतात. मिलिंद पंडितवाद मान्य करतो आणि मगच चर्चा सुरू होते. मिलिंदपञ्ह हे काही ध्वनिमुद्रण नव्हे. त्याचा उत्तरभाग नंतर वाढविला गेला, असे चिनी अनुवादांवरून अभ्यासकांनी दाखविले आहे. तथापि ज्या समाजाने हा ग्रंथ रचला व जपला, त्याने संवादाचा आदर्श कोणता मानला, हे त्यातून निःसंशय कळते. बोलणे सुरू होण्यापूर्वी हार पत्करण्याचा करार व्हावा आणि सत्ताधाऱ्याने आपली सत्ता दाराबाहेर ठेवावी, हा तो आदर्श होय.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी बुद्धवचन ओळखण्याच्या कसोट्या दिल्या आहेत. बुद्धांचे बोलणे बुद्धिसंगत असते. मानवी कल्याणाशी संबंध नसलेल्या वादात ते शिरत नाहीत. आणि ज्या बाबतीत त्यांना निश्चिती आहे व ज्या बाबतीत नाही, असे ते दोन वर्ग करतात, पैकी दुसऱ्या वर्गातील मते ते तात्पुरती म्हणून मांडतात. यांपैकी तिसरी कसोटी आजच्या भाष्यकारांना लावून पाहावी. परराष्ट्र व्यवहारासारख्या क्षेत्रात बहुतेक माहिती शासनाच्या कपाटात बंद असते. तेथे तर हे मत तात्पुरते आहे, हे वाक्य पदोपदी यावयास हवे. ते ऐकू येत नाही, याचे कारण अज्ञान नव्हे. तात्पुरत्या मताला प्रेक्षक मिळत नाहीत, हे आहे.

६. मेजाभोवती कोण नव्हते?

१९६८ च्या शिकागोकडे पुन्हा वळू. तेथे दोन अमेरिकन व्हिएतनामविषयी भांडत होते. पण त्या मेजाभोवती व्हिएतनामी माणूस नव्हता. ज्या देशात ११ जून १९६३ रोजी भिक्खू थिक क्वांग डुक यांनी दीएम सरकारच्या बौद्धविरोधी धोरणाच्या निषेधार्थ सायगावच्या रस्त्यावर स्वतःला अग्नीच्या स्वाधीन केले, त्या देशातील बौद्धांना या युद्धाविषयी काय वाटते, हा प्रश्न त्या भांडणात उरलाच नाही.

त्याच शिकागोत दोन वर्षे आधी, १९६६ मध्ये, एक वेगळी भेट झाली होती. व्हिएतनामचे भिक्खू थिक न्हात हान्ह आणि मार्टिन ल्यूथर किंग हे एकत्र बसले व त्यांनी संयुक्त पत्रकार परिषद घेतली. न्हात हान्ह यांनी किंग यांना १९६५ मध्येच पत्र लिहून, माणसाचा शत्रू माणूस नसून त्याच्या अंतरीचा द्वेष व असहिष्णुता हे शत्रू होत, अशी भूमिका मांडली होती. येथेही विषय राजकारण, धर्म व परराष्ट्र व्यवहार हेच होते. एक ख्रिस्ती धर्मोपदेशक व एक बौद्ध भिक्खू परस्परांना हरविण्यास बसले नव्हते. जानेवारी १९६७ मध्ये किंग यांनी न्हात हान्ह यांचे नाव शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी सुचविले आणि ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये युद्धाचा जाहीर निषेध केला. त्या भाषणामुळे अनेक मित्र त्यांच्यापासून दुरावले. न्हात हान्ह यांना तर दीर्घकाळ मायदेशाबाहेर राहावे लागले. दोघांनीही आपल्या शब्दांची किंमत मोजली.

हीच गोष्ट बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण मांडले त्यातही दिसते. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात तंटा झाला. शाक्य संघात सेनापतीने युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थाने विरोध केला व उभयपक्षी पंच नेमण्याची सूचना केली. ती बहुमताने फेटाळली गेली. संघाच्या दंडाची व कुटुंबावरील बहिष्काराची भीती समोर असताना सिद्धार्थाने आपले म्हणणे मागे घेतले नाही; परिव्रज्या पत्करली. परराष्ट्र धोरणावरील एका चर्चेतून धम्माचा मार्ग निघाला, असा या कथनाचा आशय आहे. युद्धाची मागणी करून रात्री सुखाने झोपी जाणाऱ्या भाष्यकारांची तुलना या प्रसंगाशी करून पाहावी.

७. समारोप

आमचे प्रतिपादन चर्चेविरुद्ध नाही. चर्चेविना धम्म टिकत नाही आणि लोकशाहीही टिकत नाही. परंतु बुद्धिवंतांना झुंजविणे म्हणजे चर्चा नव्हे, आणि घसा कोरडा पडेपर्यंत बोलणे म्हणजे निर्भयता नव्हे. बौद्ध कार्यकर्त्यांनी अशा मेजावर जाण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : प्रश्न विभागून उत्तर देण्यास अवकाश आहे काय, समोरचा चूक मान्य करण्यास बांधील आहे काय, आणि ज्यांच्याविषयी बोलले जात आहे ते तेथे उपस्थित आहेत काय. तिन्हींचे उत्तर नकारार्थी असेल, तर न जाणे हा पराभव नव्हे. तो प्रश्न बाजूला ठेवण्याचा धम्मसंमत मार्ग आहे.

आणि ज्यांना पंडितवाद हवा आहे, त्यांनी तो आपल्या विहारांत सुरू करावा. वर्षावासातील ग्रंथवाचनानंतर एखादी संध्याकाळ खुल्या संवादास द्यावी. विषय राज्याचा असो, धर्माचा असो वा युद्धाचा. आरंभी नागसेनांची अट वाचावी आणि मतभेद असणाऱ्यास प्रथम बोलू द्यावे. आमच्या तरुणांना दूरचित्रवाणीवरील विग्रहकथेचे अनुकरण करण्याची गरज नाही. त्याहून प्राचीन व त्याहून शिस्तबद्ध अशी संवादाची परंपरा त्यांच्या स्वतःच्या वारशात आहे. ती केवळ पठणापुरती न ठेवता वापरात आणणे, हे आजचे कर्तव्य होय.